सतरा नंबरचा आवाज

१

इंजिनिअरसाहेबांना जाऊन तीन महिने होत आले होते. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला, त्यांच्या बायकोने उचलला, आणि पलीकडून तेच बोलले.

"चहात साखर टाकलीस का गं?"

एवढंच. मग खट्ट असा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

रिसीव्हर छातीशी धरून त्या तिथेच खुर्चीत बसून राहिल्या. संध्याकाळी बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "झोप नाही, जेवण धड नाही, दुसरं काय होणार?" पण चार दिवसांनी पुन्हा फोन आला. त्याच सुमाराला. "खिडकी लाव, धूळ येतेय." मग पुन्हा एकदा, "माझा चष्मा बघितलास का कुठे?" असे तीन आठवड्यांत पाच फोन झाले. पोलीस चौकीत गेल्या, तिथे हवालदाराने पाणी दिलं आणि घरी पाठवलं. शेवटी त्या तक्रार कार्यालयात येऊन बसल्या.

तिथे त्यांचं म्हणणं ऐकायला जी अधिकारी होती, तिला सगळे नुसतं 'स्टेनोबाई' म्हणत. अठ्ठावीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेलं. दुसऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवायचा, हा जन्माचा धंदा. त्यामुळे माणूस काय बोलला यापेक्षा काय गिळलं, हे तिला आधी कळे.

"मला वेड लागलंय असं तुम्हालाही वाटत असेल तर तसं सांगा," इंजिनिअरीणबाई म्हणाल्या. "मी उठते."

"आवाज त्यांचाच कशावरून?"

"सदतीस वर्षं ऐकलाय. पुढचा दात पडल्यापासून 'साखर' म्हणताना जरा हवा निघायची. फोनवरही निघाली."

स्टेनोबाईने तिन्ही वाक्यं उतरवून घेतली. "चौथं आणि पाचवं?"

इंजिनिअरीणबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. "चौथं राहू द्या. विशेष नाही. आणि पाचवं नीट कळलंच नाही. लांबून बोलल्यासारखं होतं. ते मला आवडलं नाही."

त्या गेल्यावर स्टेनोबाईने कपाटातून एक लखोटा काढला. आणीबाणीच्या नव्वद दिवसांत शहरातले कोणकोणते फोन चोरून ऐकले गेले, त्याची यादी त्यात होती. नागरिकाची तक्रार आली तरच तो फोडायची परवानगी होती, आणि आजवर तशी वेळ आली नव्हती. तिने लाख फोडली. चौतीस फोन होते. सतराव्या ओळीत तिचं बोट थांबलं. तो नंबर इंजिनिअरसाहेबांच्या घरचा होता.

२

नदीवरच्या पहिल्या पुलावर स्फोट झाला आणि एकेचाळीस माणसं गेली, त्या रात्रीच आणीबाणी पुकारून नवा कायदा झाला होता. नव्वद दिवस सरकारने संशयितांचे फोन ऐकावेत. फोनच, त्यापलीकडे काही नाही. मुदत संपली की तीन महिन्यांच्या आत सगळ्या कॅसेट नष्ट कराव्यात. ती तारीख आता चार दिवसांवर आली होती.

या कायद्याविरुद्ध तेव्हा फारसं कोणी बोललं नाही, आणि स्टेनोबाई तर मुळीच बोलली नाही. तिची मुलगी रोज दुसऱ्या पुलावरून बसने कामाला जायची. एका सकाळी पुलाखाली स्फोटकं सापडली, बस अलीकडेच थांबवली गेली, आणि मुलगी चालत घरी आली. फोन ऐकणाऱ्यांनी कुठून तरी सुगावा लावला, असं नंतर छापून आलं. त्या न पाहिलेल्या माणसांना तिने मनातल्या मनात हात जोडले होते.

आज ती त्यांच्याच दारात उभी होती. टेलिफोन इमारतीचा तिसरा मजला, कागदांच्या गठ्ठ्यांमागचं दार, आत बिनखिडकीची लांबट खोली. भिंतींना जाड कापड, चार टेबलं, हेडफोन खिळ्यांना लटकवलेले. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता; वर पंख्यांची घरघर तेवढी.

खोलीचे प्रमुख स्वच्छ, मृदू बोलणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना 'साहेब' म्हणत.

"सतरा नंबर? पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. शहराच्या सगळ्या व्हॉल्व्हच्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात. पाण्यात विष कालवू अशी चिठ्ठी आली होती, मग नजर ठेवणं भाग होतं. माणूस अगदी निर्मळ निघाला. वारले बिचारे."

"त्यांच्या कॅसेट?"

"महिन्याभरापूर्वी जाळल्या. तिघांच्या सह्या आहेत." त्यांनी कागद पुढे सरकवला. "बाई, तुम्ही नियमाने आलात, मी नियमाने उत्तरं देतो. पण एक सांगू? त्या बाईंना झोपेच्या गोळीची गरज आहे. चौकशीची नाही."

"तुम्ही कधी ऐकलात त्यांचा आवाज?"

"मी फक्त सारांश वाचतो," साहेब म्हणाले, आणि टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा होती तिथेच ठेवली.

३

स्टेनोबाईने बाकीच्या तिघांना एकेक करून बोलावलं.

पहिला लाइनमन. चाळिशीचा, बोटांना तारा जोडायच्या सोल्डरचे चंदेरी डाग. "मी तारा जोडतो बाई, ऐकत नाही. हेडफोन कानाला लावायची मला परवानगीच नाही. कॅसेट कपाटात, कपाटाची किल्ली ऐकणाऱ्यांकडे."

"इंजिनिअरांच्या घरी गेला होतात?"

"तारा एक्स्चेंजमध्येच जोडतात. घरी कशाला जाईन?" तो जायला उठला, मग मान वर करून छताकडे बघू लागला. "हे पंखे आत्ता चालू आहेत, ते तुमचं नशीब. मध्ये सहा आठवडे साहेबांनी बंद ठेवायला लावले होते. ऐन उन्हाळ्यात. का, ते विचारायची सोय नव्हती."

दुसरे मास्तर. एके काळी शाळेत भाषा शिकवायचे. स्टेनोबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तर ते समोर बघत राहिले. मग खुर्ची फिरवून म्हणाले, "इकडून बोला. पहिल्या पुलाजवळ होतो मी त्या दिवशी. डावा कान तिथेच राहिला. उजवाही आता पिकल्या पानासारखाच."

इंजिनिअर गेले त्या दिवसाच्या पानावर सकाळी आठ ते दुपारी दोन त्यांचीच सही होती. शेरा एकच शब्दाचा : 'शांत.'

"म्हणजे?"

"म्हणजे फोन आला नाही, गेला नाही." मास्तरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, चटका बसल्यासारखं. "अक्षर माझंच आहे."

तिसरी सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. आवाज इतका बारीक की खोलीतले तिला 'चिमणी' म्हणायचे. टेबलाखाली ती एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोडत होती.

"मी तेव्हा इथे नव्हते. सहा आठवडे रजेवर होते, भावाकडे. रजिस्टरला आहे."

रजिस्टरला होतं. ज्या आठवड्यांत पंखे बंद होते, तेच आठवडे.

"लोकांचं दिवसभर ऐकत बसायचं," स्टेनोबाई सहज म्हणाली. "जीव नाही का गुदमरत?"

"सवय होते. त्या उकाड्यात मात्र नको व्हायचं. पंखे बंद, खिडकी नाही, हेडफोन कानांना चिकटून बसायचे..." चिमणी थांबली. "इंजिनिअरकाकू बऱ्या आहेत ना?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही," चिमणी म्हणाली. "अजिबात नाही."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेनोबाई इंजिनिअरांच्या घरी गेली. दोनच खोल्या आणि मधला छोटा चौक. चौकात तिपाईवर फोन. तिथून स्वयंपाकघर चार पावलं, पलंग पाच पावलं.

"आता चौथं वाक्य सांगा," ती म्हणाली.

इंजिनिअरीणबाईंनी पदर सारखा केला. "काय करायचंय तुम्हाला?"

"कोर्टात मी याहून वाईट लिहून घेतलंय."

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "'पाठ खाजव जरा. वर. अजून वर.'" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते लगेच विरलंही. "हात पुरायचा नाही ह्यांचा."

स्टेनोबाईची पेन्सिल थांबली.

"बाई, हे फोनवर कोणी कोणाला सांगतं का?"

"म्हणजे?"

"पाठ खाजवायला माणूस जवळ लागतं. खिडकी लाव, हेही तुम्ही घरात असतानाच सांगितलं असणार. चहा, चष्मा... यातलं एक तरी वाक्य इंजिनिअरसाहेब तुमच्याशी फोनवर बोलले होते का?"

इंजिनिअरीणबाईंनी एकेक वाक्य आठवून पाहिलं. मग तिपाईकडे बघितलं आणि हळूच पाय मागे घेतले. "सगळं इथलंच आहे," त्या कुजबुजल्या. "घरातलं."

"हा फोन कधीचा?"

"आणीबाणीतच बदलून गेला की एकजण. आम्ही तक्रार केलीच नव्हती. जुना चांगला चालत होता. हे म्हणालेसुद्धा, सरकार फारच तत्पर झालंय. बोटांवर डाग होते त्याच्या, चांदीसारखे. मी म्हटलं, हात धुवा आणि चहा घ्या."

रिसीव्हर खाली ठेवलेला असतानाही हा फोन ऐकत होता. चहा होत असताना, भांडण होत असताना, दिवे मालवल्यावर. ज्याने हे फोन केले त्याला भुताटकी करायची नव्हती. त्याने मुद्दाम अशीच वाक्यं निवडली, जी तारेतून कधी गेलीच नव्हती. त्याला एवढंच सांगायचं होतं, की आम्ही तुमच्या घरात होतो.

"आणि पाचवं? जेवढं कळलं तेवढं सांगा."

"'कोणी आहे का?' असं काहीतरी. पण ते मला कधी असं म्हणालेच नाहीत. मी घरात असताना कशाला विचारतील?"

"इंजिनिअरसाहेब गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बहिणीचं ऑपरेशन होतं. तीन दिवस तिच्या गावी. शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी दिसले. पलंगाजवळ खाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतून उठता उठता पडले आणि लगेच गेले असणार, काही कळलंसुद्धा नसेल." एवढं बोलून त्या थबकल्या. जे स्टेनोबाईला कळलं होतं तेच आता त्यांच्याही डोळ्यांत उतरत होतं.

"मग हे त्यांनी कोणाला विचारलं?" इंजिनिअरीणबाईंनी विचारलं.

५

त्याच दुपारी दोन वाजता स्टेनोबाईने त्या बिनखिडकीच्या खोलीत चौघांना बसवलं आणि पिशवीतून इंजिनिअरांच्या घरचा फोन काढून टेबलावर ठेवला. लाइनमनने तो बघितला आणि बोटं मुठीत लपवली.

"हा तुम्ही बसवलात. त्या बाईंनी तुम्हाला चहा दिला होता," ती त्याला म्हणाली. "हुकूम होता, मला ठाऊक आहे. तुम्ही कानाला हेडफोन लावत नाही आणि कॅसेट तुमच्या हाती नव्हत्या. म्हणजे फोन करणारे तुम्ही नाही."

ती साहेबांकडे वळली. "पंखे का बंद केले होते? फोनवरचं बोलणं स्पष्ट असतं, त्याला पंख्याची अडचण नाही. पण पाच पावलांवरून बोललेलं ऐकायचं तर पंख्याची घरघरसुद्धा नडते. त्या सहा आठवड्यांत इथे फोन नाही, घरं ऐकली जात होती. कायद्यात ते बसत नव्हतं, म्हणून त्याची रजिस्टरला नोंदही नाही. हो ना?"

साहेबांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"त्या दिवशी सही मास्तरांची आहे. पण मास्तर, तुम्हाला शेजारी बसलेली मी ऐकू येत नाही. लांबून आलेला आवाज पकडायला तीक्ष्ण कान हवा, आणि तो कागदावर नसलेला बरा. म्हणून एकीला रजेवर दाखवलं आणि रोज इथेच बसवलं. भावाकडे गेलेल्या मुलीला इथल्या उकाड्यात हेडफोन कसे चिकटतात ते कळायला नको होतं. कळलं, म्हणजे ती गेलीच नव्हती."

चिमणीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर पकडल्याची भीती नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसली.

"मला बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "शपथ घेतलेली. आणि कुठला फोन अजून ऐकतात कोणास ठाऊक, इथल्या सगळ्यांना माझा आवाज पाठ आहे. म्हणून काकांचाच वापरला. छोट्या टेपवर उतरवून घेतला होता. वाटलं, काकू कोणाकडे तरी जातील."

"त्या सकाळी काय झालं?"

"नऊला काहीतरी पडलं. मग ते म्हणाले, 'उठता येत नाहीये.' स्वतःशीच. फोन तिपाईवर, त्यांचा हात पोचत नव्हता. मी साहेबांना सांगितलं, अॅम्ब्युलन्स पाठवा. साहेब म्हणाले, थांब. मी परत गेले, परत थांब. सव्वादोन तास, बाई. ते विचारत होते, 'कोणी आहे का? कोणी आहे का?'" तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "आणि आम्ही होतो. हेडफोन लावून बसलो होतो."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला दोनला बोलावलं आणि 'शांत' लिहायला सांगितलं," ते हातांमागून म्हणाले.

मग साहेब बोलले. आवाज चढला नाही.

"कोणीही न बोलावलेली अॅम्ब्युलन्स दारात आली असती तर शेजारपाजारी बोललं असतं, आणि दोन दिवसांत पेपरला आलं असतं. असे फोन आणखी चार घरांत होते. त्यातल्या एका घरातून आठ दिवसांनी आम्हाला दुसऱ्या पुलाचं कळलं. त्या घरातल्यांना वास लागला असता तर नसतं कळलं." ते थांबले. "तुमची मुलगी होती त्या बसमध्ये."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या सकाळी तुम्ही तिच्या ऑफिसात अकरा वेळा फोन केलात. शेवटी तिने वाटेतून फोन केला तेव्हा तुम्ही रडत तिला रागावलात."

ती गोष्ट स्टेनोबाईने कोणालाही सांगितली नव्हती. तिचा नंबर यादीतही नव्हता. तिने खुर्चीची पाठ धरली. मनात एकच चालू होतं, की या माणसाचं म्हणणं खरं आहे. मुलगी जिवंत आहे, आणि तो म्हातारा सव्वादोन तास जमिनीवर होता, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या आहेत.

"लाइनमन आधी एकदा त्या घरी गेला होता," ती शेवटी म्हणाली. "फोन बदलायला. कोणाला संशय आला नाही. त्यालाच परत पाठवलं असतं, लाइन तपासायला आलोय म्हणून? दार वाजवलं असतं, आतून हाक ऐकली असती, शेजाऱ्यांना बोलावलं असतं. तुमचं गुपितही राहिलं असतं आणि माणूसही."

साहेबांनी लाइनमनकडे पाहिलं. लाइनमन त्यांच्याकडेच बघत होता.

"मी खालीच होतो," तो म्हणाला. "दिवसभर."

पहिल्यांदाच साहेबांच्या आवाजातला तो मृदूपणा सुटला. "मला सुचलंच नाही," ते म्हणाले. "मी फक्त तो आवाज थांबायची वाट बघत होतो."

६

स्टेनोबाईने बावीस पानांचा अहवाल लिहिला. दुसऱ्या पुलाचं श्रेय त्यात तिने खोडलं नाही, आणि नऊ ते सव्वाअकरा हा वेळही मिनिटामिनिटाने मांडला. आपला स्वतःचा फोन ऐकला गेल्याचं शेवटच्या पानावर टाकलं. सुरक्षेच्या नावाखाली अहवालावर गुप्ततेची मोहोर बसली. छापून आल्या त्या सहा ओळी. साहेबांना घरी बसवलं आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. राहिलेल्या चार घरांतून फोन काढून आणले. मास्तरांनी आपण होऊन राजीनामा दिला. शपथ मोडली म्हणून चिमणीची नोकरी गेली. तुरुंग टळला तो स्टेनोबाईच्या साक्षीमुळे.

मुलीचा फोन आला की आता स्टेनोबाई आधी क्षणभर गप्प राहते, कान देऊन. मुलगी विचारते, "आई, आहेस ना?" मग ती हवापाण्याचं बोलते. बाकीचं भेटल्यावर.

चिमणीची ती छोटी टेप कायद्याने नष्ट व्हायची होती. त्याआधी ती ऐकायचा हक्क एकाच माणसाला होता. स्टेनोबाईने तसं विचारलं तेव्हा इंजिनिअरीणबाई म्हणाल्या, "टेप नको. ती मुलगी येईल का?"

ती आली. एका दुपारी, हात पुढे बांधून, दारातच उभी राहिली. इंजिनिअरीणबाईंनी तिला आत घेतलं. तिपाईवर आता काही नव्हतं. स्टेनोबाई कडेला बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने वही उघडली नाही.

"तू शेवटपर्यंत होतीस?" इंजिनिअरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे हे एकटे नव्हते."

चिमणीला खोटं बोलता आलं असतं. तिने नकारार्थी मान हलवली. "त्यांना ते माहीत नव्हतं, काकू."

इंजिनिअरीणबाईंनी रिकाम्या तिपाईवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "नंतर काय केलंस?"

"हेडफोन काढले नाहीत. ड्युटी दोनपर्यंत होती."

"काही ऐकू येत होतं?"

"नळ ठिबकत होता. स्वयंपाकघरातला."

"हो, तो ठिबकतोच," इंजिनिअरीणबाई म्हणाल्या. "सगळ्या शहराचं पाणी सांभाळलं, आणि घरचा नळ तसाच. मी बहिणीकडून येईपर्यंत नीट करून ठेवतो म्हणाले होते." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "बैस. मला सगळं सांग. त्या सकाळचं नको. त्याआधी महिनाभर तू ऐकत होतीस ना आम्हाला? ते सांग. मी घरात नसताना ते काय काय करायचे?"

चिमणी बसली. सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना. मग म्हणाली, "तुम्ही बाजारात गेलात की ते गायचे, काकू. फार वाईट गायचे."